तुम्ही विचारलंत म्हणून: मळी आहे, मग लायसिन का नाही?

कारखान्याचे संचालक असोत, पोल्ट्रीवाले असोत, नाहीतर पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे, कोल्हापुरात प्रश्न ठरलेला. "टाक्या भरून मळी आहे. कोंबडीच्या खाद्यात घालायचं लायसिन हे अमिनो ॲसिड मात्र विकत आणायचं. जिवाणूच करतात म्हणे ते. मग एक जीन बदला आणि करा की सुरू!"

एका जीनपासून सुरुवात होते, हे खरं. लायसिन करणाऱ्या कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवाणूमध्ये लायसिन आणि त्याच वाटेवर तयार होणारं थ्रिओनिन हे दुसरं अमिनो ॲसिड, दोन्ही साठले की वाटेच्या सुरुवातीचं एन्झाइम, अस्पार्टोकायनेज, बंद पडतं. त्या एन्झाइमच्या 311व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आणलं की हा लगाम सुटतो. थ्रिओनिनकडे जाणारी वाट पूर्ण तोडली तर थ्रिओनिन आणि मेथिओनिन बाहेरून पुरवावं लागतं, म्हणून ती नुसती अरुंद करतात. तिसरा बदल पायरुवेट कार्बोक्सिलेजमध्ये, म्हणजे या वाटेला कच्चा माल पुरवणाऱ्या एन्झाइममध्ये. 2002 साली जपानी संशोधकांनी एवढ्या तीन बदलांवर 27 तासांत लिटरला 80 ग्रॅम लायसिन काढून दाखवलं. 2011 मध्ये जर्मनीत 12 बदल करून 120 ग्रॅम. उतारा 100 ग्रॅम ग्लुकोजमागे 55 ग्रॅम.

ग्लुकोजमागे. इथंच आपलं घोडं अडतं.

उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. हा जिवाणू सुक्रोज आत घेऊन तोडतो, ग्लुकोजचा भाग वापरतो आणि फ्रुक्टोज बाहेर टाकतो, कारण फ्रुक्टोज आतल्या आत वापरात आणणारं एन्झाइम, फ्रुक्टोकायनेज, त्याच्याकडे नाही. तेच फ्रुक्टोज मग दुसऱ्या दारानं आत येतं आणि बहुतांशी थेट फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेटला, म्हणजे साखर तोडण्याच्या वाटेवरच्या पुढच्या टप्प्याला, पोचतं. पुण्याहून येणाऱ्यानं कोल्हापूरचा फाटा चुकवून कागल गाठावं, तसं. चुकलेला फाटा पेंटोज फॉस्फेट मार्गाचा, आणि लायसिनच्या प्रत्येक रेणूला लागणारे एनएडीपीएचचे (इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूचे) 4 रेणू मुख्यतः तिथंच तयार होतात. उपाय आहेत: हा टप्पा उलटा फिरवणाऱ्या फ्रुक्टोज बिसफॉस्फेटेज एन्झाइमचा जीन जोरकस प्रमोटरखाली (जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) ठेवून माल मागं वळवायचा, किंवा दुसऱ्या जिवाणूचं फ्रुक्टोकायनेज बसवायचं. प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, नको; गुणसूत्रातच. अँटिबायोटिकशिवाय मोठ्या टाकीत प्लाझ्मिड गळून जातं.

"मळीत बायोटिन हे जीवनसत्त्व जास्त, म्हणून जमत नाही," असंही कुणीतरी सांगतं. ती अडचण ग्लुटामेटची, याच जिवाणूकडून काढतात त्या दुसऱ्या अमिनो ॲसिडची. बायोटिन भरपूर असलं की ग्लुटामेट पेशीबाहेर पडत नाही, मग योग्य वेळी पेनिसिलिन किंवा ट्वीन (साबणासारखं रसायन) घालावं लागतं. लायसिनला बायोटिन हवंच. पायरुवेट कार्बोक्सिलेज त्याच्याशिवाय चालत नाही.

खरा घोळ जिवाणू वाढवायच्या टाकीत होतो. रस साफ करताना घातलेल्या चुन्याचं कॅल्शियम मळीत उतरतं. नायट्रोजनसाठी अमोनियम सल्फेट घातलं की जिप्सम धरतं आणि कूलिंग कॉइलवर पांढरा थर बसतो. वाढ ऐन भरात, उष्णता भरपूर, तापमान 30 अंशांवर ठेवायचं आणि कॉइल थंड करेना. ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टेट, सक्सिनेट साठतं, उतारा घसरतो. ऑपरेटर म्हणतो, कल्चर मेलं, म्हणजे टाकीतले जिवाणू मेले. आधी फीड, म्हणजे आत सोडलेली साखर, थांबवून बघा. विरघळलेल्या ऑक्सिजनची रेषा झटकन वर गेली तर साखर संपत आली होती, कल्चर जिवंत आहे. रेषा तशीच पडून राहिली तर साखर साठलीय; फीड आणखी वाढवणं म्हणजे नुकसान वाढवणं. मळीला आधी सल्फ्युरिक ॲसिड घालून, तापवून, गाळ बसवला असता तर यातलं बरंच टळलं असतं. तेवढा खर्च मात्र कुणाच्या प्रस्तावात नसतो.

पूर्वी मी ठासून सांगायचो: मळीचा नाद सोडा, सिरप (आटवलेला उसाचा रस) वापरा. रंग कमी, क्षार कमी, लायसिन वेगळं काढायचं आयन एक्स्चेंज रेझिन टिकतं. पण सिरप आणि बी हेवी मळी (जास्त साखर राहिलेली मळी) दोन्हींवर इथेनॉलचा डोळा आहे, आणि त्या दरानं लायसिन परवडेल असं आज छातीठोकपणे म्हणवत नाही. मळीनं परवडेल असंही नाही. तुमचा प्रश्न खुळा नाही. फक्त "एक जीन" म्हणू नका.

पुढच्या वेळी विचारायला याल तेव्हा मळीचा रिपोर्ट आणा: राख, कॅल्शियम, रिड्यूसिंग शुगर. आणि एप्रिलमध्ये तुमच्या कूलिंग टॉवरचं पाणी दुपारी तीनला किती अंशांवर असतं, तेही लिहून आणा.