३१ तास पिशवीत: पाच फ्रॅग्जची नोंदवही

कोरलच्या फ्रॅग्जचं (टाकीत वाढवायला घेतलेल्या प्रवाळाच्या छोट्या तुकड्यांचं) पार्सल दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं होतं, आलं संध्याकाळी. पॅक झाल्यापासून मोजलं तर ३१ तास. मागच्या खेपेला असंच उशिरा आलेलं पार्सल मी फार प्रेमाने आणि फार चुकीच्या पद्धतीने हाताळलं होतं, म्हणून या वेळी रोजच्या रोज लिहून ठेवलं. ज्यांच्याकडे कोरल यायच्या वाटेवर आहेत, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आलेली मंडळी अशी: दोन हेडचा (म्हणजे टोकाला तोंड असलेल्या दोन फांद्यांचा) टॉर्च (युफिलिया ग्लॅब्रेसेन्स), हिरव्या ॲक्रोपोराची बोटभर फांदी, नारिंगी मॉन्टिपोरा डिजिटाटा, नऊ पॉलिपांचा (पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक शुंडकांचा जीव) झोअँथस आणि एक छोटा लेदर (सार्कोफायटन, मऊ अंगाचा कोरल). सगळे टाकीतच वाढवलेले फ्रॅग्ज.

दिवस ०

खोलीतले दिवे मालवून खोका उघडला. सव्वा दिवस अंधारात राहिलेल्या कोरलवर एकदम उजेड पडू द्यायचा नाही, हा माझा पहिला नियम. टॉर्चच्या पिशवीतलं पाणी गढूळ, त्यात चिकट धागे तरंगत होते. पाणी २१.८ अंश, क्वारंटाइन टाकी (नव्या कोरलना आधी वेगळं ठेवायची) २५.६. पिशव्या बंदच ठेवून २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवल्या.

मागची चूक इथेच झाली होती. तेव्हा पिशव्या उघडून दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसले होते. बंद पिशवीत कोरलचं श्वसन चालू असतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. अमोनियाही साठतो, पण पीएच खाली असताना तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि त्याचा त्रास बराच कमी. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वर चढतो आणि त्या अमोनियमचा काही भाग विषारी अमोनिया होऊ लागतो. म्हणजे ज्या पाण्यातून जिवाला लवकर बाहेर काढायचं, त्यातच मी त्याला दोन तास मुरवत ठेवलं होतं. तो टॉर्च आठवड्याभरात गेला.

या वेळी घाई केली, पण तयारीनिशी. पिशवीतल्या पाण्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे खारटपणाचं माप, १.०२३ निघाली. माझ्या मुख्य टाकीत १.०२६ असते, पण क्वारंटाइन टाकी आदल्या दिवशीच १.०२५ वर आणून ठेवली होती. त्यामुळे अंतर थोडंच उरलं. दर चार-पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीतलं पाणी, असं २० मिनिटं. मग पिशवीतलं पाणी सरळ फेकून दिलं. त्याचा एक थेंबही टाकीत जाऊ दिला नाही. (खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या, म्हणजे समुद्राइतक्या खारट, द्रावणावर जुळवून घेतला होता. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य दाखवणारा मीटर समुद्राच्या पाण्याला चुकलेला असू शकतो.)

मग डिप, म्हणजे कीड काढायच्या द्रावणात बुडवणं. पांढऱ्या वाडग्यातच करते, कारण काय गळून पडतं ते दिसायला हवं. हातमोजे आणि चष्मा सक्तीचा: झोअँथस आणि त्याच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं आणि ते डोळ्यात किंवा जखमेत गेलं तर गंमत नाही. फ्रॅग धरून रबरी फुग्याच्या पिचकारीने सगळ्या बाजूंनी पाणी मारत राहिले. चौथ्या मिनिटाला झोअँथसमधून काहीतरी गळलं. कापसाचा तंतू वाटला, तळाला टेकला आणि मग वळवळला. भिंगाखाली पाहिलं तर चार मिलिमीटरचा न्युडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय. पाठीवर झालरीसारखे उंचवटे, आणि टोकांना नेमका त्याच झोअँथसच्या स्कर्टचा (कडेच्या शुंडकांचा) केशरी रंग. खाल्लेल्या पॉलिपचा रंग अंगावर घेऊन तिथेच बसलेला. पॉलिपांमध्ये उघड्या डोळ्यांनी तो सापडलाच नसता.

प्लग, म्हणजे फ्रॅग चिकटवलेली छोटी चकती, उलटा केला. खालच्या कडेला जेलीसारखी वेटोळी, अंड्यांची. डिपने अंडी मरत नाहीत, हे पक्कं ध्यानात असू द्या. झोअँथसचा पट्टा ब्लेडने प्लगवरून सोडवला, पॉलिपांच्या देठांमध्ये जुना टूथब्रश फिरवला आणि जेल सुपरग्लूने नव्या प्लगवर चिकटवला. बाकीच्यांचे प्लगही बदलले. फक्त टॉर्चला हात लावला नाही, त्याची अवस्था आधीच नाजूक होती.

दिवस १

सगळे मिटलेले. दिवे पार (PAR, कोरलला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) ६० वर, तेही सहाच तास. प्रवाह मध्यम, पंपाचं तोंड कोणाकडेही सरळ नाही. ॲक्रोपोराने रात्रभर बुळबुळीत पदार्थ सोडला होता, पाण्यात तारा लोंबत होत्या. ताणाखाली तो असं करतोच. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) नसल्यामुळे १० टक्के पाणी बदललं. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच हे तिचं एकक) ८.२ डीकेएच, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६. खायला काही नाही.

दिवस २ आणि ३

मॉन्टिपोराने सगळ्यात आधी पॉलिप बाहेर काढले, दुपारी तीनच्या सुमारास, बारीक केसाळ लव उठल्यासारखे. झोअँथसचे नऊपैकी चार उघडे. लेदर ढिम्म, वर मळकट साय. टॉर्चचं मोठं हेड अर्धं फुललं, लहान मात्र आत ओढलेलं, आणि एका बाजूला मांस सांगाड्याच्या कडेवरून सुटून पांढरी धार दिसत होती. प्रवासात पिशवी हलते, फुगलेलं मांस त्या धारदार कडेवर घासतं आणि फाटतं. म्हणूनच युफिलिया फुललेला असताना पाण्याबाहेर उचलू नये. आधी हलकेच हलवून त्याला आत जाऊ द्यावं.

दिवस ४

सकाळी लहान हेडवर तपकिरी, लोंबणारी, नाकातल्या शेंबडासारखी जेली. ब्राउन जेली. पोटात गोळा आला, कारण हे सुरू झालं की एका दिवसात हेड संपतं आणि जेलीचा तुकडा वाहत जाऊन शेजारच्याला लागला तर तोही.

आधी पंप बंद केला. मग एअरलाइनच्या बारीक नळीने सायफन लावून जेली होती तिथल्या तिथे ओढून घेतली. पिचकारी मारायची नाही, नाहीतर ती टाकीभर पसरते. त्या चिखलात सिलिएट नावाचे एकपेशीय जीव अक्षरशः गजबजलेले असतात. जेली निघाल्यावर खाली मांस उरलंच नव्हतं, कोरा सांगाडा. टॉर्चच्या फांद्या सुट्या सुट्या वाढतात, म्हणून एक हेड दुसऱ्याला धक्का न लावता वेगळं काढता येतं. मांस जिथे संपतं त्याच्या बरंच खाली बोन कटरने फांदी तोडली. मोठ्या हेडला आयोडीनच्या द्रावणात दहा मिनिटं ठेवलं आणि कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात उभं केलं.

एक दिवस आधी, ती पांढरी धार पाहिली तेव्हाच कापायला हवं होतं. मी वाट पाहिली. पुन्हा अशी फाटलेली कड दिसली तर वाट पाहणार नाही.

उजेड ठरल्याप्रमाणे (दर चार दिवसांनी एक पायरी) १५ टक्क्यांनी वाढवला, पण टॉर्च सावलीत.

दिवस ६

टॉर्चचं उरलेलं हेड पूर्ण उघडलं. नवी जेली नाही.

दिवस ७

दुसरा डिप. झोअँथसमधून आणखी एक न्युडिब्रँक, जेमतेम दीड मिलिमीटरचा. पहिल्या दिवशी तो अंड्यात असणार किंवा माझ्या नजरेतून सुटला असणार. एकाच डिपवर भरवसा ठेवून झोअँथस मुख्य टाकीत टाकला असता, तर तिथल्या तीन वसाहती आज धोक्यात असत्या. सात-सात दिवसांनी किमान चार डिप, आणि शेवटच्या दोन्हींत वाडगा स्वच्छ राहिला तरच पुढचा विचार.

दिवस ९

लेदरने कात टाकली! आठवडाभर मेणचट दिसत होता, आज सकाळी ती साय एका बाजूने सुटून फडफडत होती. पंप थोडा त्याच्या दिशेने वळवला, तासाभरात ती वाहून गेली आणि खाली मऊ, लोण्याच्या रंगाचं अंग. पॉलिप संध्याकाळी बाहेर आले. नव्याने लेदर घेणारे या अवस्थेत घाबरून त्याला मेला समजतात. फक्त प्रवाह द्या आणि थांबा. वास येत नाही आणि अंग घट्ट आहे, तोवर तो जिवंत आहे.

दिवस १२

ॲक्रोपोरा तपकिरी पडला आहे. हिरवा फक्त टोकांना. दिवे ठरल्यापेक्षा जास्त वाढवायला हात शिवशिवतायत, पण नाही. कोरलच्या पेशींत राहणारी झूझँथेली शैवालं त्याला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा पुरवतात, काही जातींत ९० टक्क्यांपर्यंत. उजेड कमी झाला की शैवालांची संख्या आणि त्यांतलं रंगद्रव्य वाढतं, म्हणून हा तपकिरीपणा. म्हणजे तपकिरी कोरल उपाशी नाही, तो कमी उजेडाशी जुळवून घेतोय. त्याच्यावर आत्ता एकदम २५० पार सोडला तर त्या दाट शैवालांत प्रकाशसंश्लेषणाचा तोल बिघडतो, ऑक्सिजनचे घातक अणुगट तयार होतात आणि कोरल शैवालंच बाहेर टाकतो. तपकिरी पुन्हा हिरवा होतो. पांढरा पडलेला ॲक्रोपोरा मात्र मी आजवर एकच वाचवला आहे.

दिवस १४

तिसरा डिप, वाडगा स्वच्छ. टॉर्चला पहिला घास: भिजवलेलं बारीक पेलेट, पंप बंद करून. शुंडकांनी धरलं, तोंडाकडे वळवलं, सात मिनिटांत आत. सुरुवातीच्या दिवसांत मुद्दाम भरवत नाही, कारण दुखावलेला कोरल घास ओकतो आणि तो त्याच्याच अंगावर कुजतो.

दिवस १६

माझ्या हातून चूक. ४० लिटरच्या टाकीत दहा लिटर पाणी बदललं आणि नव्या मिठाच्या पिंपाची अल्कलिनिटी तपासलीच नाही. ती ११.४ होती. टाकीची ८.२ वरून ९.० वर गेली, एका तासात. ॲक्रोपोराचे पॉलिप दोन दिवस आत. बाकीच्यांना काही जाणवल्याचं दिसलं नाही. आजची उजेडाची पायरी रद्द. एका वेळी एकच बदल, हे मी इतरांना सांगत असते आणि ते खरंच आहे.

दिवस २१

चौथा डिप. वाडगा स्वच्छ.

दिवस २४

ॲक्रोपोराच्या बुडाशी ग्लूवर फिकट, कागदासारखी पातळ कड चढली आहे. भिंगातून मोजली, जेमतेम एक मिलिमीटर. मधल्या भागात हिरवा परत येतोय. झोअँथसचे नऊच्या नऊ उघडे आणि कडेला दहावा, टाचणीच्या डोक्याएवढा. मॉन्टिपोराच्या टोकांना पांढरट वाढ. टॉर्चची कापलेली बाजू स्वच्छ.

उजेड आता पार १२०. मुख्य टाकीत ॲक्रोपोराची जागा २५० ची आहे. चार दिवसांनी एक पायरी धरली तर अजून पाच पायऱ्या, म्हणजे २० दिवस. झोअँथसला सावधगिरी म्हणून पाचवा डिप दिवस २८ ला देणार आहे, आणि टॉर्चसाठी मुख्य टाकीत शेजाऱ्यांपासून १५ सेंटिमीटर मोकळी जागा आजच आखून ठेवली, कारण रात्री त्याची लांब शुंडकं कुठवर पोहोचतात ते मी पाहिलेलं आहे.