चष्म्यावरून बसेल असा बाऊता

आम्ही राहतो त्या इटलीतल्या पादुआहून व्हेनिस रेल्वेने अर्ध्या तासावर. तिथल्या कार्निव्हलमध्ये मुखवटा नृत्याला जायचं ठरलं, तेव्हा नवरा म्हणाला, मुखवटे तिथेच घेऊ. पण स्वस्तातले बहुतेक प्लास्टिकचे, आणि कागदाचे खरे मुखवटे खिशाला जड. शिवाय मला चष्मा. म्हणून एका कारागिराकडे जाऊन शिकले आणि मुखवटे घरीच केले.

कोणता करायचा यावर बराच खल झाला. मोरेत्ता हा बायकांचा काळा, गोल मुखवटा. त्याला दोरी नसते, आतलं बटण दातांत धरायचं, म्हणजे रात्रभर तोंड बंद! तो लगेच बाद. नवऱ्याला ‘प्लेगचा डॉक्टर’ नावाचा लांब चोचीचा मुखवटा हवा होता, पण नाचताना ती चोच कुणाच्या डोळ्यात जायची. मी बाऊता निवडला. हनुवटीकडे पुढे आलेला, खालून मोकळा. तो न काढता खाता-पिता येतं, आवाजही बदलतो. मुखवट्यात तासन्‌तास वावरणाऱ्यांनीच शोधलेला आकार असणार हा.

प्लास्टरचा साचा खोलगट असतो, त्यामुळे आत बसवलेला पहिला थर हाच बाहेरचा चेहरा. आधी व्हॅसलीन. मग टीपकागदासारखा जाड कागद भिजवून, खळ लावून दाबायचा. कागद कापायचा नाही, फाडायचा. फाटलेल्या कडा एकमेकींत मुरतात, कात्रीची कड रंगाखालूनही दिसते. नाकपुडीशी आणि भुवईखाली बोटाच्या टोकाने दाबत बसावं लागतं, नाहीतर हवा अडकून फुगा येतो. खळ मैद्याचीच शिजवली. आपल्याकडे बाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद घालतात, पण चेहऱ्याला लागणाऱ्या वस्तूत ते विष कशाला?

हिवाळ्यात इथे धुकं, कागद वाळता वाळत नाही. हीटरला चिकटवून ठेवला तर वाकडा होतो, म्हणून लांबच ठेवला.

खरा वेळ गेला आतल्या बाजूला. कपाळाशी आणि गालांच्या हाडांवर फोमच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे मुखवटा चष्म्यावर न टेकता पुढे उभा राहतो. डोळ्यांची भोकं त्यानंतरच कापली, कारण पट्ट्यांनी अंतर बदलतं. दुकानातल्या सुंदर मुखवट्यांत मला हीच गोष्ट कुठे दिसली नाही.

रंगाचं काम झटपट उरकलं: पांढरं अस्तर, बारीक पॉलिश पेपर, पुन्हा पांढरा. सोनेरी वर्ख नवऱ्याच्या अर्ध्या मुखवट्याला, कोलोंबिनाला.

व्हेनिसच्या मुखवटेकारांची नियमावली 1436 ची. पण 1797 मध्ये प्रजासत्ताक बुडालं, कार्निव्हल मागे पडला, तो 1979 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि त्याबरोबर हा धंदाही.

नाचापेक्षा आम्ही खाण्यातच रमलो. फ्रित्तेल्ले, म्हणजे तिथले कार्निव्हलचे गोड तळलेले गोळे, मी बाऊता न काढता खाल्ले. पिठीसाखर आत सांडली. ती कोरड्या ब्रशनेच झाडायची. ओलं फडकं लावलं तर खळ सुटते.