तालमीच्या खोलीतला कोपरा
नाटकाचा पहिला खर्डा मी आजही पाठकोऱ्या कागदांवर शिसपेन्सिलीनेच लिहितो, कारण खोडलेला संवाद तिथे पुसट का होईना दिसत राहतो आणि तालमीत नेमका तोच पुन्हा हवासा वाटतो. संध्याकाळी कोपऱ्यात बसून, संहिता मिटून, मी नुसते ऐकतो. नटाचा श्वास जिथे अडतो, तिथे दोष बहुधा माझ्या वाक्याचा असतो. परवा ‘मी निघते’ म्हणण्याऐवजी अभिनेत्रीने फक्त पदर खोचला आणि ते दोन शब्द मी आनंदाने काढून टाकले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. दरवर्षी त्या दिवशी मी नवे लेखन सुरू करतो. यंदा कागद आधीच कापून ठेवले आहेत.