तुम्ही विचारलंत म्हणून: ते मरतायत, मग चेहरे इतके कोरे का?

प्रत्येक व्याख्यानानंतर हा प्रश्न येतोच. पिरॅमस आणि थिस्बी, रोमन कवी ओविदच्या काव्यातले घरच्यांनी लग्नाला नाही म्हटलेले प्रेमिक; त्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असते: भिंतीतली फट, सिंहीण, रक्तानं काळवंडलेली तुती. अडतं ते मध्ययुगीन फ्रेंच पोथीतल्या चित्रापाशी. एकच तलवार दोघांच्या आरपार, आणि तोंडावरची रेघ हललेली नाही. 'चित्रकाराला जमत नव्हतं का?'

जमत होतं. 1400 च्या सुमाराला, अशा पोथ्या जिथे रंगवल्या जात त्याच पॅरिसमध्ये क्रूसाखाली मूर्च्छित होऊन कोसळणारी मरिया रंगवली जातच होती. दुःख कसं काढायचं हे त्यांना ठाऊक होतं.

पण पाच वर्षांपूर्वी मीच उलट बोलले होते. त्या काळची फ्रेंच लेखिका क्रिस्तीन द पिझाँ हिच्या 'ओथेआ' या बोधकथांच्या ग्रंथाच्या एका हस्तलिखितातलं पान पडद्यावर होतं. तलवार बघून मागून कुणीतरी हसलं. सभागृह माझ्या बाजूला राहावं म्हणून मीही हसले, म्हणाले, 'बिचाऱ्याला चेहरे येत नसावेत.' मग सगळेच हसले. पहिल्या रांगेतल्या एक बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

नंतर त्या पडद्याजवळ आल्या. चित्र अजून तसंच होतं. 'माझ्या धाकट्या बहिणीला घरच्यांनी नाही म्हटलं होतं,' त्या म्हणाल्या. 'तिला शेवटचं पाहिलं तेव्हा चेहरा असाच होता. काहीच नव्हतं त्याच्यावर.' मग बोट दाखवून विचारलं, 'खाली काय लिहिलंय हो?'

मी सांगितलं: खात्री करून घेतल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नकोस. ते खरंच आहे. पिरॅमसनं रक्तानं माखलेली ओढणी बघितली आणि थिस्बी मेली असं धरून चालला. पण क्रिस्तीनच्या शंभर कथांत प्रत्येकीला पद्य, भाष्य आणि आध्यात्मिक अर्थ असे तीन भाग आहेत, आणि या अडतिसाव्या कथेच्या तिसऱ्या भागात देवाची आज्ञा येते: आईवडिलांचा मान राख. तेवढं मी गिळलं.

दया म्हणून गिळलं असं बरीच वर्षं मानत आले. आता वाटतं, मला भीती वाटली. शिवाय त्या बाईंना तो निवाडा ऐकायचा नसेल हे ठरवणारी मी कोण?

त्याआधीच्या 'ओविद मोरालिझे'त, म्हणजे ओविदच्या कथांना ख्रिस्ती अर्थ लावणाऱ्या फ्रेंच काव्यात, पिरॅमस म्हणजे ख्रिस्त, थिस्बी म्हणजे मानवी आत्मा. या अर्थांनी प्रेमाची चोरी केली असं मी तावातावानं लिहिलं होतं. आज तसं लिहिणार नाही. त्या अर्थांच्या आडोशानंच ही दोघं त्या पोथ्यांत टिकली असतील. पण आडोसा आणि भिंत यांत फरक किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या बाईंच्या बोलण्यानं चित्रकाराबद्दल काही सिद्ध होत नाही, हेही कळतं. त्या काळच्या पोथ्यांत न मरणाऱ्यांचे चेहरेही बहुधा असेच असतात. तरी ते पान लावलं की मी आता आधी खालचा मजकूर वाचून दाखवते, तिसऱ्या भागासकट.