‘प्रदेश निवडा’ आणि आप्पांचा खान्देश

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे, संध्याकाळी तिथेच कॉम्प्युटर क्लास. फॉर्म मध्येच अडकला की हेल्पलाइनवाले एकच वाक्य सांगतात, “स्क्रीनशॉट पाठवा.” मग लोक मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढून आणतात. त्यात ट्यूबलाइट चमकलेली, आडव्या पट्ट्या, आणि एरर नंबर नेमका कापला गेलेला.

माझ्याकडे तीन मशीन. एकावर विंडोज १०, एकावर ११, तिसऱ्यावर लिनक्स. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ‘स्निपिंग टूल’ आणि ‘स्निप अँड स्केच’ अशी स्क्रीनशॉट घ्यायची दोन अवजारं शेजारी शेजारी. ११ मध्ये परत एकच. कीबोर्डावर तर ‘प्रिंट स्क्रीन’ लिहिलेलं. दर बॅचला कोणीतरी विचारतंच, “सर, कागद कुठून निघेल?” प्रश्न वेडा नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीवर ते बटण शिफ्टसोबत दाबलं की स्क्रीनवरचा मजकूर खरंच प्रिंटरवर जायचा. प्रिंटर गेला, नाव राहिलं.

शेवटी स्क्रीनशॉट घ्यायचा, तिन्ही मशीनवर चालणारा एक मुक्त-स्रोत प्रोग्राम टाकला, म्हणजे कोणीही उघडून सुधारू शकेल असा. त्याला मराठी मेनू होता. मी खुशीत तो चालू केला.

दुसऱ्याच दिवशी एक आप्पा आले, विहिरीच्या अनुदानाच्या फॉर्मवर एरर घेऊन. मी दुसऱ्या गिऱ्हाइकात होतो, म्हटलं, “आप्पा, ते बटण दाबा, काय लिहिलंय ते वाचा.” त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, “प्रदेश निवडा.” मग बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “भाऊ, यामा खान्देश कोठे शे?”

सगळं केंद्र हसलं, पण आप्पांचं काय चुकलं? सकाळपासून त्यांनी ‘जिल्हा निवडा’, ‘तालुका निवडा’, ‘गाव निवडा’ हेच केलेलं. प्रदेश निवडा म्हटल्यावर यादीच उघडायला हवी. त्याऐवजी स्क्रीन काळवंडली आणि माउसचा बाण जाऊन तिथे अधिकचं चिन्ह आलं. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. त्यांनी हात मागे घेतला तो घेतलाच.

त्या रात्री मी भाषांतराची फाइल उघडली. वर इंग्रजी ओळ, खाली मराठी, अशा शेकडो जोड्या. ‘रीजन’ म्हणजे प्रदेश, ‘कॅप्चर’ म्हणजे पकडा, ‘पिन’ म्हणजे टाचणी. ‘डिले’ला विलंब. सुरत-भुसावळ लाइनवर राहणाऱ्या माणसासमोर ‘५ सेकंद विलंब’ लिहिलं तर त्याला फलाटावरची अनाउन्समेंटच ऐकू येणार. खरं तर ही सोय फार कामाची. उघडलेला मेनू दुसरीकडे क्लिक केलं की मिटतो, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट घ्यायला आधी वेळ लावून ठेवायची असते. मी लिहिलं, ‘५ सेकंद थांबून’.

‘कॅप्चर’वर मात्र माझं मन ‘टिपा’ या शब्दावर बसलं होतं. पाखरू दाणे टिपतं, कॅमेरा क्षण टिपतो. किती नेमका शब्द! कागदावर छापून क्लासमधल्या सहा जणांना दाखवला. चौघांनी विचारलं, “सर, इथे नोट्स लिहायच्या का?” टीपचं अनेकवचन टिपाच होतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. शब्द खोडला. वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मग ती पोरं आपसात काय बोलतात ते ऐकलं: “स्क्रीनशॉट काढ ना.” फोटो काढतात तसा. पण मेनूत तीन ओळी खाली ‘रिमूव्ह’चं भाषांतर होतं ‘काढा’! एकाच खिडकीत घ्यायलाही काढा आणि घालवायलाही काढा. म्हणून घ्यायचं ते ‘स्क्रीनशॉट काढा’ ठेवलं आणि ‘रिमूव्ह’ला ‘पुसून टाका’ केलं. ‘प्रदेश’च्या जागी ‘हवा तेवढा भाग’.

बदल पाठवले, तर तपासणाऱ्यांनी अडवलं. ते पुण्याचे, माझ्यासारखेच हौसेने काम करणारे. म्हणाले, ‘हवा तेवढा भाग’ ही काही संज्ञा झाली नाही, ‘क्षेत्र’ घ्या. मी म्हटलं, आमच्याकडे क्षेत्र म्हणजे सातबाऱ्यावरचं हेक्टर-आर. दोन आठवडे असंच चाललं. शेवटी मी आप्पांचा किस्सा जसाच्या तसा लिहून पाठवला. उत्तरात फक्त ‘मंजूर’ आलं.

काही दुरुस्त्या मराठीत होण्यासारख्याच नव्हत्या. इंग्रजीत बटणावरही ‘कॅप्चर’ आणि सेटिंगच्या मथळ्यावरही ‘कॅप्चर’. फाइलमध्ये ती एकच ओळ, म्हणून मराठीही एकच. त्यामुळे मथळाही ‘स्क्रीनशॉट काढा’ असा हुकूम सोडत होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सांगून दोन वेगळ्या ओळी करून घेतल्या. काळवंडलेल्या स्क्रीनवर एक सूचनाही मागितली: ‘माउस दाबून धरा आणि चौकट ओढा. नको असेल तर एस्केप.’ ती यायला पुढची आवृत्ती उजाडली. तोवर मी तेच वाक्य चिकटपट्टीने मॉनिटरखाली लावलं होतं.

सगळ्यात जास्त भांडलो ते ‘धूसर करा’वरून. आधार कार्डाचा स्क्रीनशॉट पाठवताना बारापैकी पहिले आठ आकडे झाकायचे असतात. लोक ‘धूसर’ दाबून हलकंसं पुसट करायचे आणि मोठं करून पाहिलं की नंबर वाचता यायचा. तशा पुसट केलेल्या आकड्यांचा अंदाज बांधताही येतो. गच्च काळी पट्टी मारली की खाली काही उरतच नाही. मी पट्टीला ‘झाका’ नाव दिलं आणि ते अवजार यादीत वर घ्या म्हटलं. नाव लगेच बदललं. जागा बदलायला त्यांनी कारण मागितलं, मग दुसरं कारण मागितलं. अजून ते खालीच आहे.

गेल्या महिन्यात आप्पा परत आले. मी मुद्दाम काही बोललो नाही. त्यांनी ‘हवा तेवढा भाग’ वाचलं, खालची सूचना बोट ठेवून वाचली, एररभोवती चौकट ओढली. थोडी वाकडी, वरचं मेनूबारही आत आलं, पण नंबर पूर्ण. कोपऱ्यात ‘क्लिपबोर्डवर कॉपी केले’ असं झळकलं आणि वाचायच्या आत गेलं.

“गेला कुठे?” आप्पांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

त्या ओळीचं आता बघतोय.