हजाराचे १६५०

आज मुलाच्या हायस्कूलची अमेरिकन फुटबॉलची प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीची मॅच. इलिनॉयची नोव्हेंबरातली थंडी, बाकावर बूड टेकवत नव्हतं. आमची सरकारी शाळा, समोर खाजगी. इथे फुटबॉलसाठी शाळांचे पटसंख्येवरून आठ गट पाडतात. खाजगी शाळांना हद्द नसते, पोरं कुठूनही येतात, म्हणून त्यांचा पट १.६५ ने गुणतात. हजाराचे १६५० धरायचे. तरी रडारड आहेच! शेजारचा बाप म्हणे, "दोनने गुणा." मला तर पटापेक्षा पैशाचा फरक जास्त वाटतो. त्यांच्याकडे प्रत्येक जागेला ताज्या दमाचा बदली खेळाडू. आमचा लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत धडका घेणारा गडी, हल्ला आणि बचाव दोन्हीकडून खेळून तिसऱ्या क्वार्टरला गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. हे कशाने गुणायचं? हरलो. चिरंजीव बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतात, त्यांना फक्त भूक लागली होती.