लांबमान्यांची वंशावळ, नोंद ४ : मॅक्रोकोलमची मान

लांब मानेच्या डायनासोरांच्या घराण्याच्या मातीच्या मूर्ती करतोय, त्यातला मागच्या नोंदीतला ब्युरिओलेस्टिस एकदाचा भाजून, रंगवून झाला. दीड मीटरचं जनावर, १:२० मापात साडेसात सेंटीमीटर. शेजारचं पोट्टं बघून गेलं. "काका, हे तं घोरपडीवानी दिसते. डायनासोर कुठं हाय?" त्याचं काही चुकलं नाही. ब्राझीलचा हा गडी २३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा, दोन पायांवर पळणारा, करवतीसारख्या दातांचा, चक्क मांसाहारी. पालाखाऊ राक्षसांच्या घराण्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, आणि मान तशी बेताचीच.

या आठवड्यात मॅक्रोकोलम घेतला. तोही ब्राझीलचाच, पण २२ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा. लांबी साडेतीन मीटर, दात पाला तोडायचे. मधल्या ८० लाख वर्षांत मान अशी वाढली की नावातच 'मोठी मान' आली.

त्या मानेनंच छळलं. बायंडिंग तार दुहेरी पिळून वर शाडू चढवला. रात्री झकास, सकाळी थोबाड पाटावर. जाड तार घातली तर शाडू वाळताना आक्रसला आणि गळ्याभोवती तडे गेले. तिसऱ्यांदा डोकं कापलं. मी ते गोऱ्ह्याचं केलं होतं. हे प्राणी चावत बसत नसत, पाला ओरबाडून गिळत, म्हणून डोकं हलकं चालायचं. आता हरभऱ्याच्या दाण्याहून जरा मोठं आहे. तरी मान वाकलीच.

शेवटी गोठ्यातल्या कडब्यातून ज्वारीचा धांडा काढला. लहानपणी त्याच्या बैलगाड्या करायचो, ते आठवलं. साल सोलून आतला पांढरा गाभा घेतला, मधून एकच बारीक तार ओवली आणि वर दोन मिलिमीटर शाडू. पाच दिवस झाले, ताठ उभी आहे. (ही मूर्ती भट्टीत जाणार नाही, गाभा जळेल.) खऱ्या मॅक्रोकोलमच्या मानेच्या मणक्यांतही हवेच्या पोकळ्या सापडल्यात, २०२३ च्या अभ्यासात. ब्युरिओलेस्टिसच्या मणक्यांत तशा नाहीत. हे आधी वाचूनही मी तीन माना पाडल्या, माझीच गंमत.

पुढं आपल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला बारापासॉरस. चौदा मीटर धरला तर मूर्ती ७० सेंटीमीटरची. कवटी सापडलेलीच नाही, थोडे दात तेवढे मिळालेत, म्हणजे डोकं अंदाजानं करावं लागणार. मान एका कांड्यात बसणार नाही. दोन कांडी जोडताना पेरापाशी काय लावता? फेव्हिकॉलनं गाभा भिजून बसतो.